तिसऱ्याची जागा

१

चहा गार येऊ लागला, तिथून हे सगळं सुरू झालं.

ऐकणाऱ्याला हसूच येईल. गार चहा काय, कुणाच्याही घरी मिळतो. पण लीलाच्या हातचा? छे, नाव नको! निर्मळच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि शरदचंद्राचं टेबल यांच्यामध्ये एक माजघर होतं, तेवढंच. चुलीवरून उतरलेला चहा ती तडक आणायची. कपाला बोट लावलं की चटका बसायचा, आणि वर म्हणायची, "फुंकून प्या हो. तुमचे ग्रह काही पळून जात नाहीत."

शरदचंद्र चौधरी मुंबईच्या एका कॉलेजात गणिताचा प्रोफेसर होता. बरीच वर्षं शिकवून झाल्यावर कॉलेजनं त्याला वर्षभराची रजा दिली, ग्रहांच्या कक्षांवरचं त्याचं काम एकदाचं मार्गी लागावं म्हणून. तो बायकोला, लीलाला, घेऊन निर्मळला, आपल्या गावी आला. घरी मोठा भाऊ हरिभाऊ. त्याची बायको वारलेली, आणि केळीची नि मोगऱ्याची वाडी तो एकटाच सांभाळायचा. धाकट्याच्या विद्येचा त्याला भारी अभिमान. ती विद्या कशाशी खातात याचा मात्र पत्ता नाही. "आमचा शरद चंद्रसूर्याला दावं लावतो," असं तो बाजारात सांगायचा.

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. आकाशात दोघंच असले, एक सूर्य आणि एक ग्रह, तर कोण कधी कुठं असेल हे फार फार पुढचंही सांगता येतं. तिसरा आला की घोडं पेंड खातं. तिघं एकमेकांना ओढतात, ओढीनं वाटा बदलतात, वाटा बदलल्या की ओढ बदलते, आणि सूत्र म्हणून हातात काही उरत नाही. मग थोडं पुढं जायचं, मोजायचं, पुन्हा थोडं पुढं जायचं. त्यासाठी त्याच्याकडं हातानं मूठ फिरवायचं जर्मन गणकयंत्र होतं. तो आकडे वाचायचा, लीला मूठ फिरवायची. यंत्राची खरखर, मधूनच टिंग करणारी घंटी, बाहेर विहिरीवर कुरकुरणारा रहाट, असे दिवस जायचे. मूलबाळ नव्हतं. त्याचं दोघांनाही वाईट वाटायचं, पण सोबत अशी होती की घर रिकामं म्हणून कधी वाटलं नाही.

त्या सकाळी कप तोंडाला लावला आणि त्यानं तोंड वाकडं केलं. कोमटसुद्धा नव्हता. वर साय धरली होती.

"अगं, हा कालचा आहे की काय?"

"इश्श! आत्ता उतरवला." तिनं कपाला बोट लावून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "तुम्हीच आकड्यांत बुडून बसला असाल."

"मी? कप तर तू आत्ता ठेवलास."

"बरं बाई, माझंच चुकलं," म्हणत ती हसली आणि कप घेऊन गेली. दुसऱ्यांदा आणला तोही गार होता. त्यानं मुकाट्यानं पिऊन टाकला.

२

मनात पाल चुकचुकली होती. दुपारच्या चहाला त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसला.

लीला कपबशी घेऊन बाहेर पडली. माजघराच्या मध्यापर्यंत सरळ आली. तिथं ती वळली. वाटेत मांजर झोपलेलं असावं आणि त्याला वळसा घालावा, तशी. पण वळसा संपेना. ती परत स्वयंपाकघराच्या दिशेनं गेली, पुन्हा फिरून आली, पुन्हा गेली. पदर एका लयीत हलत होता. कपातला चहा सांडत नव्हता. चेहरा मात्र सरळ त्याच्याकडं येणाऱ्या माणसाचा. मोजणं ज्याच्या रक्तात, त्या शरदचंद्रानं फेऱ्या मोजल्या नाहीत. मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

मग ती येऊन उभी राहिली. "घ्या. आता तरी गरम आहे ना?"

"लीला, तू मध्ये फिरलीस कशाला?"

"कुठं फिरले? सरळ तर आले."

तिला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलली की कान लाल व्हायचे, लग्नाच्या पहिल्या महिन्यातच त्याला ते कळलं होतं. कान लाल नव्हते.

माजघरात मध्यभागी काय होतं? काही नव्हतं. सारवलेली जमीन. छपराच्या कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं, त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा. बस्स.

थोड्या वेळानं हरिभाऊ तंबाखूची डबी न्यायला आत आला. तोही मध्यावर जरासा बाजूला झाला आणि पुढं गेला. गोल गोल नाही फिरला, नुसता झुकून गेला, कुणी पानावर बसलं असताना आपण अंग चोरून जातो ना, तसा. त्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात सॅन्टन सुतार पुस्तकांसाठी फळ्या बसवायला आला. शेजारच्या आळीतला, हसरा, बोलघेवडा गडी. खांद्यावर लांबलचक सागाची फळी घेऊन तो माजघरात शिरला आणि मध्यापाशी येऊन थबकला. फळी उचलली, तिरकी केली, शेपटाकडून फिरवली, कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून करतात तशी.

"मास्तर, ह्या घरच्या पाव्हन्यांना जरा उठवा की ओ, फळी लागंल."

"कुणाला?"

सॅन्टननं मान वळवली. रिकाम्या जमिनीकडं बघितलं. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कुनी नाय. मला वाटलं..." त्यानं कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी बोटं लावून क्रुसाची खूण केली. फळ्या त्यानं बसवल्या, पण जेवायला थांबला नाही.

३

शरदचंद्र काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. ज्याला तो बुद्धिवाद म्हणायचा तो त्याच्या हाडीमाशी होता. त्यानं स्वतःला चार शब्द सुनावले: डोळे शिणले आहेत, महिनोन्महिने आकड्यांशिवाय काही बघितलेलं नाहीस, आणि घरच्यांना तुझ्याच वेडाची लागण झाली आहे. वसईला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत, झोप वाढवा.

मग त्यानं स्वतः चालून बघायचं ठरवलं. लीलानं माजघर नुकतंच सारवलं होतं, जमीन ओली होती. तो म्हणाला, "थांब, आधी मी जातो." स्वयंपाकघराच्या चौकटीपासून टेबलाच्या पायापर्यंत त्यानं एक सुतळी ताणून बांधली, अशी की बोट लावलं तर टणकन वाजावी. सुतळी उजव्या मुठीत धरली आणि तिच्याकडंच बघत टेबलापर्यंत चालत गेला. हात एकदाही सुटला नाही.

"झालं?" लीला दारातून म्हणाली. "काय हो ही पोरकट खोड!"

त्यानं वळून बघितलं.

पावलं सुतळीच्या कडेनं निघाली होती. मध्यावर ती सुतळी सोडून दूर गेली होती, इतकी दूर की तिथून हात लांब केला तरी सुतळीला लागला नसता. मोठा बाक घेऊन ती पुन्हा सुतळीला येऊन मिळाली होती. आणि तळहातावर सुतळीचा लाल वळ होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून आल्याचा.

लीला दारात उभी राहून पावलांकडं बघत होती. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. तिचं लक्ष खराब झालेल्या सारवणाकडं होतं.

"आता पुन्हा हात फिरवायला लागणार," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसांपुढं हात टेकले बाई."

४

आकाशात न दिसणारा ग्रह कसा सापडतो, हे तो मुलांना दरवर्षी शिकवायचा. दिसणाऱ्या ग्रहाची वाट वाकडी होते. का होते? कुणीतरी ओढतंय म्हणून. वाकडेपणा मोजा, ओढणारा कुठं आहे ते आपोआप सापडतं. दुर्बिणीत डोळा मागाहून घाला.

तर त्यानं तेच केलं. घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. लीला सारवायची, आणि वाळत्या जमिनीवर तिचीच पावलं उमटायची. ती वाडीत फुलं खुडायला गेली की तो गुडघ्यावर बसून, हरिभाऊचा टेप लावून पावलं टिपून घ्यायचा. मग ते आकडे यंत्रावर चढवायचे. आणि यंत्राची मूठ कोण फिरवणार? तीच.

"हा कोण नवीन?" तिनं विचारलं. "याचे आकडे भारीच लहान."

"एक लघुग्रह आहे. अजून कुणाला ठाऊक नाही."

"नाव काय ठेवलंत?"

"नाव नाही ठेवलं."

खरखर, टिंग. खरखर, टिंग. तो आकडा वाचायचा, ती फिरवायची, तो आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. त्यानं कागद कोपरानं झाकायचा प्रयत्न केला, पण इतक्या वर्षांची सवय, ती वाकून बघायचीच.

"अहो, हा आत आत चाललाय."

"हं."

"म्हणजे आता पडणार?"

"पडणार नाही. धरला जाईल."

"कुणाकडून?"

डोळ्यांत काही गेल्यासारखं करून त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

"बिचारा," लीला म्हणाली आणि पुढच्या आकड्यासाठी मूठ धरून थांबली.

त्या दिवसापासून त्याचं अन्न तुटलं. उत्तर एकदा आलं, ते त्यानं मानलं नाही. अशा गणितात सुरुवातीचा आकडा केसाएवढा हलवला की पुढची सगळी वाट निराळी होते, हे तर त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं सार होतं. मग हलव आकडा! एक पाऊल बोटभर पुढं समज, दुसरं बोटभर मागं समज. त्यानं अशा किती सुरुवाती करून बघितल्या, त्याला गणती नाही. वाटा खरोखरच निराळ्या आल्या. काही वेड्यावाकड्या, काही सुंदर, रांगोळीत काढाव्यात अशा. शेवट एकच होता. आंब्याला मोहोर धरायच्या आत ती जवळ जाणार होती, आणि जवळ गेलेली परत येणार नव्हती.

आणि या सगळ्या वाटा तिनं स्वतःच्या हातानं फिरवून दिल्या. तिचा खांदा दुखायचा, पण ती तक्रार करायची नाही. त्याला वाटायचं आपण हिच्याकडून हिचंच सरण रचून घेतोय. पण थांबवत नव्हतं. एखादी तरी सुरुवात अशी निघेल, एखादी तरी, या आशेवर तो पुढचा आकडा वाचायचा.

५

शेवटी त्यानं गणिताला लाथ मारली. ओढणारा माजघरात आहे ना? मग माजघर सोडायचं. साधी गोष्ट!

लीलाचं माहेर चंदनसारला. हरिभाऊनं छकडा जुंपून दिला. "सणवार नसताना माहेरी? भांडलात बिंडलात की काय रे?" त्यानं शरदचंद्राला कानाशी येऊन विचारलं. शरदचंद्र नुसता हसला. इतक्या दिवसांनी तो हसला होता.

माहेरी भाताची खाचरं, मोठं खळं, भाऊ आणि भावजय प्रेमलता. पहिल्या दिवशी चहा गरम आला. इतका गरम की शरदचंद्राची जीभ भाजली, आणि भाजल्या जिभेनं तो वेड्यासारखा हसत सुटला. लीला म्हणाली, "बघा, इथं आल्यावर माणसात आलात." दुसरा दिवसही तसाच गेला. तो पोटभर जेवला. ओटीवर आडवा होऊन त्यानं मेहुण्याशी भाताच्या भावाबद्दल गप्पा मारल्या. आता कॉलेज सोडावं, इथंच शाळेत मास्तरकी धरावी, हवं तर जन्मभर लीलाला निर्मळला जाऊ देऊ नये, इथपर्यंत त्याचे बेत गेले.

तिसऱ्या दिवशी लीला ओटीवर भाजी निवडत होती. प्रेमलता तिच्याशेजारी बसायला आली, बसता बसता थांबली आणि म्हणाली, "वन्सं, जरा सरका की इकडं. ह्या पाहुण्यांना जागा कुठं आहे?"

"कुणाला गं?" लीलानं विचारलं.

"अगं बाई! मी काय बोलले?" प्रेमलता स्वतःशीच हसली, आणि दोन हात अंतर सोडून पलीकडं जाऊन बसली.

शरदचंद्र तिथंच खांबाला टेकून उभा होता.

त्याच संध्याकाळी लीला विहिरीवर पाण्याला गेली ती लवकर आली नाही. तो बघायला गेला. ती खळ्यात होती. भरली घागर कमरेवर, आणि ती गोल चालत होती, आतल्या अंगाला किंचित झुकून. घागरीतून हिंदकळलेल्या पाण्यानं खळ्याच्या मातीत ओलं वर्तुळ पडलं होतं. वर्तुळ लहान होतं. निर्मळच्या माजघरातल्यापेक्षा कितीतरी लहान.

"लीला!"

"आले आले," ती म्हणाली, "घागर जड आहे हो, किती घाई?"

पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर ज्या चुकीवर त्यानं पेपर फेकून दिला असता, ती चूक त्यानं केली होती. एक जागेवर स्थिर आहे आणि दुसरा फिरतो आहे, असं धरून तो चालला होता. पण आकाशात जागच्या जागी कुणीच नसतं. ते माजघरात नव्हतंच. ते लीलापाशी होतं. छकड्यात दोघं बसली होती तेव्हा ती एका कडेला अंग चोरून का बसली होती, हे त्याला आता कळलं.

६

ते निर्मळला परत आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं तिला माजघरात समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता तो रडला. नवऱ्याला रडताना तिनं आधी कधी बघितलं नव्हतं.

"मला थोडं थोडं कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"मला सरळ चालल्यासारखंच वाटतं हो. पण पाय फार दुखतात. घरातल्या घरात वावरून कुणाचे पाय कोसभर चालल्यासारखे दुखतात का?" तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "तो लघुग्रह मीच ना?"

त्यानं मान डोलावली.

"मग मी त्याला बिचारा म्हटलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसा बोलू गं? तुला भीती वाटत नाही?"

"वाटते. का नाही वाटणार? जीव आहे की माझ्यात. पण मला तुमची जास्त वाटते. तुम्हाला तर धड चूलसुद्धा पेटवता येत नाही."

"लीला, मी काय करू, सांग. काहीही सांग."

"मला धरून ठेवा," ती म्हणाली.

मग तो तिला धरून बसला. तिचा हात दोन्ही हातांत घेऊन, समोरासमोर. जेवायला उठायचं तर दोघांनी उठायचं, न्हाणीच्या दाराशी तो पाठ करून उभा राहायचा आणि तिच्या पदराचं टोक मुठीत ठेवायचा. हरिभाऊ बघायचा आणि मान खाली घालून वाडीत निघून जायचा. भावाचं डोकं फिरलं, असं त्याला वाटत असणार.

असे काही दिवस गेले, आणि एका दुपारी कवडसा सरकत सरकत त्यांच्यापाशी आला. दोघं माजघरातच बसली होती. बाहेर लख्ख ऊन, रहाट चालू, हरिभाऊ बैलाला ओरडत होता तेही ऐकू येत होतं. काचेच्या कौलातून उन्हाचा पट्टा खाली उतरला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. शरदचंद्र सहज त्या धुळीकडं बघत होता. धूळ खाली येत होती, येत होती, आणि एका ठिकाणी बाजूला होत होती. तिथून वळून ती लीलाच्या खांद्यामागं जात होती आणि पुन्हा येत होती. उन्हाचा पट्टासुद्धा तिथं सरळ नव्हता.

त्या जागेला कड होती. एवढंच त्याला दिसलं, आणि तेही पापणी लवेपर्यंत: एक पाठ. मांडी घालून बसलेल्या माणसाची असते तशी, जराशी पोक काढलेली, मान पुढं झुकलेली पाठ. चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, दुसरी कधीच नाही, हे त्यानं कितीदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्याला पाठ दिसत होती, म्हणजे तोंड लीलाकडं होतं. पहिल्या दिवसापासून लीलाकडंच होतं.

लीला त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्या बाजूला बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फार वेळ बोलत बसलेल्या पाहुण्याचं आपण मान हलवत ऐकतो, तसं ती ऐकत होती.

"लीला, बघू नको तिकडं," तो ओरडला, आणि त्यानं तिचा हात आणखी घट्ट आवळला, बोटं पांढरी पडेपर्यंत.

दुखलं ते त्यालाच. त्यानं खाली बघितलं. तो स्वतःचंच मनगट आवळून बसला होता.

७

घरातली बाई नाहीशी झाली की पुढं जे व्हायचं ते सगळं झालं. विहिरीत गळ टाकले, तळ्यात पोहणारी माणसं उतरवली. पोलीस आले, त्यांनी चार प्रश्न शरदचंद्राला विचारले आणि चाळीस हरिभाऊला. चंदनसारहून प्रेमलता आली आणि छाती पिटून रडली. बाईनं जीव दिला म्हणणारे म्हणाले, नवऱ्यानं काहीतरी केलं म्हणणारेही म्हणाले. शरदचंद्र माजघराच्या एका कोपऱ्यात बसून राहिला.

मग एक दिवस हरिभाऊ केळीचा घड घेऊन माजघरातून गेला, आणि शरदचंद्रानं मान वर केली.

हरिभाऊ दोन ठिकाणी वळला होता. आधी एका जागेला वळसा, मग लगेच उलट्या अंगानं दुसऱ्या जागेला. दोन जागा होत्या, अगदी जवळजवळ. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्यांनी बाजू बदलल्या होत्या. त्या एकमेकींभोवती फिरत होत्या.

"लीला!" शरदचंद्र उठला. अरे, ती इथंच आहे! गेलेली नाही, मेलेली नाही, इथंच आहे, या जमिनीवर. मला मनगट सोडून दुसरं काही धरता आलं नाही, तर मीच जातो. मलाही घे म्हणावं त्याला. तो सरळ तिच्याकडं धावला.

हाताच्या अंतरावर तिच्या बांगड्या वाजल्या. तिच्या केसांतल्या तेलाचा वास आला. पुढचं पाऊल टाकलं तर समोर पलीकडची भिंत होती.

तो पुन्हा वळला, पुन्हा धावला. बांगड्या वाजल्या, जरा लांबून. तिसऱ्या खेपेला वासही आला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरातून माजघरात जायला निघाला आणि मागच्या पडवीत पोचला. तो रांगत गेला, भिंतीला हात लावून गेला, डोळे मिटून गेला. हरेक खेपेला आदल्या खेपेपेक्षा लांब. मग माजघर त्याच्या वाट्याला येईनासंच झालं. ओटीवर पाऊल टाकलं की तो अंगणात असायचा. अंगणात शिरलं की वाडीच्या बांधावर.

असं का होतं, हे जाणायला त्याला यंत्राची मूठ फिरवावी लागली नाही. जवळचे दोघं एकमेकांना घट्ट धरतात तेव्हा त्यांचा सुटलेला जोर कुणीतरी घ्यावा लागतो, आणि तो तिसऱ्याला मिळतो. तिसरा बाहेर फेकला जातो. लीलाला वाचवायला निघालेला तोच या तिघांतला तिसरा होता.

हरिभाऊ त्याला दररोज शोधून आणायला बघायचा. कधी तळ्याच्या काठी सापडायचा, कधी सोपाऱ्याच्या वाटेवर. हरिभाऊनं दंडाला धरून ओढलं, तर दारापाशी येता येता दोघंही बांधावर पोचलेले असायचे. छकड्यात घातलं, तर बैल फाट्यावरून भलतीकडंच वळायचे. हरिभाऊ बैलांना शिव्या द्यायचा, कासरा ओढायचा, आणि मग हात गाळून रडायला लागायचा. "शरद, अरे माझं ऐक, तुझं घर आहे रे ते," असं म्हणायचा.

शेवटच्या दिवशी तो त्याला गाठायला पार सोपाऱ्यापर्यंत गेला. उन्हं उतरायला लागली होती. शरदचंद्र रस्त्यानं पुढं पुढं चालला होता, पायांत वहाणा नव्हत्या, टाचा फुटल्या होत्या.

"शरद! अरे, कुठं चाललास?"

"घरी, भाऊ," तो न थांबता म्हणाला. "आलोच की. सरळ तर चाललोय."

हरिभाऊनं मागं वळून निर्मळच्या बाजूला बघितलं, आणि मग भावाकडं. तो हात लांब करून त्याच्या सदऱ्याला धरणार, तेवढ्यात त्याच्याच पायांनी त्याला बाजूला नेलं. शरदचंद्र आणखी थोडा पुढं गेला. हरिभाऊनं पुन्हा हाक मारली. शरदचंद्रानं हात वर करून आलो आलो अशी खूण केली. त्याच्या डोळ्यांसमोर घर होतं, उघडं दार होतं, दारात वाट बघणारी लीला होती. तो तिच्याकडं पाय उचलून चालत होता, आणि प्रत्येक पावलागणिक ती लहान होत होती.